साखळी एकशे ऐंशी

शुक्रवारी सकाळी साडेनऊला सातवं चित्र आलं, आणि ऊर्मिला गर्जेनं उघडायला घेतलेला डबा तसाच बाजूला ठेवला.

चित्र राखाडी होतं. सोनढवच्या धरणाचा मातीचा भराव मधून चिरून दाखवावा तसा त्यात दिसत होता. गडद तिथं माती घट्ट, फिकट तिथं भुसभुशीत किंवा पोकळ. सहाव्या चित्रात माथ्याखाली नुसता एक फिकट डाग होता. सातव्यात त्याची रेघ झाली होती. पाण्याच्या अंगाकडून कोरड्या अंगाकडे गेलेली, सरळ.

ऊर्मिला या भागातली शाखा अभियंता होती. बालाघाटाच्या कुशीतले अकरा लहान तलाव तिच्याकडे होते आणि मातीच्या धरणाची दुखणी तिला पाठ होती. घुशीचं बीळ वाकडं जातं. झाडाचं मूळ कुजून झालेली पोकळीही वाकडीच असते. एवढी सरळ रेघ फक्त माणूस काढतो.

धरणाच्या एका टोकापासून मोजलेल्या अंतराला खात्यात साखळी म्हणतात. रेघ होती साखळी एकशे ऐंशीवर, म्हणजे टोकापासून एकशे ऐंशी मीटरवर. ऊर्मिलानं १९७३ सालचे नकाशे उघडले. दुष्काळी कामावर बांधलेलं हे धरण, उंची चौदा मीटर. एकशे ऐंशीवर काहीच दाखवलेलं नव्हतं.

ही चित्रं काढणारं यंत्र खात्यात येऊन दोन वर्षं झाली होती. सोनढवच्या धरणाच्या पायथ्याशी कपाटाएवढ्या तीन पेट्या गेल्याच आठवड्यात बसवल्या होत्या. त्यांतून काहीच बाहेर पडत नसे, त्या फक्त मोजत. अंतराळातून येणारे कण पृथ्वीच्या हवेवर आदळतात आणि त्यांतून म्यूऑन नावाचे कण तयार होतात. आपल्या तळहातावर सेकंदाला एखाद-दुसरा पडतच असतो आणि हाडामांसातून आरपार निघून जातो. माती, दगड, पाणी यांतूनही म्यूऑन जातात, पण घट्ट मातीत जास्त अडतात, पोकळ मातीत कमी. कुठल्या दिशेनं किती आले हे दिवसेंदिवस मोजत राहिलं, की आतलं चित्र उमटतं. धरणाला भोक न पाडता धरणाच्या पोटात बघता येतं.

अडचण एकच होती. म्यूऑन आपल्या घाईनं येत नाहीत. चित्र स्पष्ट व्हायला दिवस लागतात.

पेट्या आल्या तशी धरणांवरची चौकीदारांची पदं गेली. मग एका ठिकाणी अर्धवट चित्रावर गाव हलवलं, पळापळीत ट्रॅक्टर उलटला आणि चार माणसं दगावली. तेव्हापासून नियम झाला: यंत्राची खात्री नव्वद टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय गाव हलवायचं नाही आणि बांधकामाला हात लावायचा नाही.

सातव्या चित्राखाली आकडा होता एकसष्ट. त्याखाली ओळ होती: खात्रीसाठी अंदाजे आणखी चार दिवस.

ऊर्मिलानं धरणाजवळच्या कचेरीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. सकाळपासून पाऊस लागला होता. दोन कोरड्या वर्षांनंतर तलाव भरत होता आणि पाणी सांडव्याच्या काठापासून फक्त ऐंशी सेंटिमीटर खाली होतं.

तिनं कार्यकारी अभियंता निरगुडे यांना फोन लावला.

"एकसष्ट म्हणजे एकोणतीस कमी," निरगुडे म्हणाले.

"सर, पाऊस बघता चार दिवस मिळणार नाहीत. सांडव्यावर चढवलेली दीड मीटरची काँक्रीटची वाढ तोडू द्या. पाणी जुन्या काठापर्यंत उतरेल, धोका टळेल."



"गर्जे मॅडम, ती वाढ कोणी सुचवली होती?"

"मी."

"संकल्पचित्र तुमचं. त्यात तुम्हीच लिहिलंय, भराव एकसंध आहे. मार्चमध्ये काँक्रीट झालं. लोकांनी नारळ फोडले, पेढे वाटले. आता पहिल्यांदा पाणी त्या उंचीला चढतंय आणि तुम्ही म्हणताय तोडा. कशाच्या आधारावर? अर्ध्या चित्राच्या?"

ऊर्मिलानं चित्राखालच्या एकसष्टकडे पुन्हा पाहिलं.

"नव्वद येऊ द्या. त्या मिनिटाला मी सही करतो," निरगुडे म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्या चार माणसांच्या चौकशीत वर्षभर हेलपाटे घातलेले अधिकारी तेच होते.

दुपारी ती धरणाखालच्या सोनढव गावात वडिलांकडे गेली. तिचं माहेर तेच. सोपान गर्जे बत्तीस वर्षं या धरणाचे चौकीदार होते. आता त्र्याहत्तरीत होते, पण कणा ताठ होता. ओसरीवर बसून ते शेळीसाठी दोर वळत होते.

"आबा, हे बघा." तिनं चित्र पुढं केलं. "तुम्ही असताना इथं कधी काही काम झालं होतं?"

सोपानरावांनी चष्मा लावला. चित्राकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही रेघ कितीव्या साखळीला हाय?"

"एकशे ऐंशी."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसला.

"पानी कुठवर आलंय?"

"सांडव्याला पाऊण मीटर कमी. आबा, काम झालं होतं का?"

"जेवलीस का तू?" म्हणत ते उठले आणि आत निघून गेले.

ऊर्मिलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारी माणसं असाच विषय बदलतात, असं तिला वाटलं. दोन घास खाऊन ती परत धरणावर गेली.

शनिवारी सकाळी पाणी सांडव्यापासून चाळीस सेंटिमीटरवर आलं होतं. यंत्राचा आकडा होता चौसष्ट.

ऊर्मिला छत्री टाकून, रेनकोट चढवून धरणाच्या कोरड्या अंगानं चालत निघाली. एकशे ऐंशीपाशी, माथ्याच्या तीन-साडेतीन मीटर खाली, गवत बाकीच्यापेक्षा हिरवं होतं. तिनं तिथं बूट दाबला. माती पचकन दबली आणि बोटभर धार निघाली. तिनं काचेची बाटली धारेखाली धरली, भरून उजेडात पाहिली.

पाणी स्वच्छ होतं.  मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच, स्वच्छ झिरपलं तर चालतं. गढूळ आलं, तर पाणी आतली माती बरोबर घेऊन निघालंय, आणि मग वेळ तासांत मोजायचा.

"ऊर्मे!"

तिनं वर पाहिलं. सोपानराव डोक्यावर पोतं पांघरून माथ्यावर उभे होते. गावापासून दीड किलोमीटर ते भर पावसात चालत आले होते.

"आबा, इथं कशाला आलात? खाली नका उतरू, घसरण आहे."

ते उतरलेच. तिच्या शेजारी येऊन त्या धारेकडे पाहत उभे राहिले.

"नळ हाय तिथं," ते म्हणाले. "लोखंडी. एक वीत रुंद."

ऊर्मिलानं बाटली खाली ठेवली.

"दोन हजार एकोनीस सालचा उन्हाळा. तलावात तळाला पानी व्हतं, पर विमोचकाच्या, पाटात पानी सोडायच्या तोंडाच्या खाली. दरवाजा उघडून काय उपेग? थेंब येत नव्हता. गावच्या इहिरी आटल्या. हातपंप आटले. टँकर आठ-आठ दिस नाय. गंगूबाईचं लेकरू जुलाबानं गेलं, डबक्यातलं पानी पिऊन. मग गावातली मानसं माझ्याकडं आली."

"काय केलंत आबा?"

"डब्यातनं नळीनं राकेल काढत्यात, तसं काढायचं ठरलं. पर माथा लय उंच. एवढ्यावरनं पानी ओढत नाय. म्हनून माथा कापला. दोन पुरुष खोल चर. आम्ही एकवीस जन, चार दिस. बंद पडल्याल्या जिनिंगचा नळ आनला आन् चरात टाकला. पानी पाटात पडलं, पाटानं गावच्या इहिरीत गेलं."

"आणि चर?"

"बुजवला. पायानं तुडवून. रोलर कुठला आनावा? पाऊस पडल्यावर नळाची तोंडं मातीनं लिंपली आन् वर गवत लावलं. वहीत मी लिवलं, काय विशेष नाय."

पाऊस दोघांच्या अंगावरून निथळत होता. ऊर्मिलाच्या डोक्यात आकडे आपोआप जुळत गेले. चराचा तळ माथ्याच्या तीन मीटर खाली. जुना सांडवा माथ्याच्या तीन पूर्णांक सहा खाली. म्हणजे चोवीस वर्षं पाणी त्या चराला शिवलंच नव्हतं. तिनं सांडवा दीड मीटर उचलला, आणि आज पाणी चराच्या तळावर अर्धा मीटर चढलं होतं. आत एव्हाना गंजून चाळण झालेला नळ, भोवती पायानं तुडवलेली माती.

"मी सांडवा वाढवायचं म्हटलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं." ती ओरडली. "मी तुमच्यासमोर ओसरीवर नकाशे पसरले होते आबा!"

"म्या म्हनलं व्हतं, हाय तेवढं पानी पुरं हाय."

"एवढंच म्हणालात!"

"तू हसलीस. म्हनलीस, आबा, तुम्हाला जुनंच बरं वाटतं." सोपानरावांनी मान खाली घातली. "पुढं बोलाय तोंड झालं नाय. तू साहेब झालेली. तुझा बाप धरन कापनारा चौकीदार, हे कसं सांगावं? वाटलं, इतक्या वर्सांत बसली असंल माती. आन् काल ती रेघ दाखवलीस. रातभर डोळा नाय लागला."

त्या उन्हाळ्यात ऊर्मिला बारा वर्षांची होती. गावच्या विहिरीला अचानक पाणी आलं होतं, तेव्हा तीही सगळ्यांबरोबर कळशी घेऊन पळाली होती. कुठून आलं, हे तिनं विचारलं नव्हतं.

ती चढण चढून गाडीकडे धावली. मागच्या सीटवरचा संगणक उघडला.

यंत्र आतापर्यंत अख्ख्या धरणात शोधत होतं, म्हणून त्याला चार दिवस हवे होते. पण अमुक जागी, अमुक खोलीचा, अमुक रुंदीचा चर आहे का, एवढाच प्रश्न विचारला तर जमलेले कण पुरेसे होते. गर्दीत कोणीतरी ओळखीचा आहे का हे शोधायला वेळ लागतो, पण तिसऱ्या रांगेत लाल टोपीवाला आहे का, हे एका नजरेत कळतं. तिनं माहिती भरली. साखळी, खोली, रुंदी, नळाचा व्यास, वर्ष.

पडद्यावर चौकट आली: माहितीचा स्रोत. साक्षीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, घटनेशी संबंध.

तिची बोटं थांबली. ही चौकट रिकामी राहत नसे. भरली की नोंद थेट खात्यात आणि पोलिसांकडे जाई. सरकारी धरण कापणं हा गुन्हा होता, आणि चोवीस वर्षं उलटली म्हणून असा गुन्हा माफ होत नव्हता.

सोपानराव धापा टाकत गाडीपाशी आले होते. चौकट त्यांनी वाचली.

"लिही."

"आबा, थोडा विचार—"

"चोवीस वर्सं इचारच केलाय म्या. लिही. सोपान मारुती गर्जे. पूर्ण लिही. चौकीदार म्हन, बाप म्हनू नको. बाकीच्यांची नावं मी सांगनार नाय. चावी माझ्याकडं व्हती."

तिनं लिहिलं. त्यांनी अंगठा टेकवला. पडद्यावर एक चक्र सहा मिनिटं फिरत राहिलं.

चौऱ्याण्णव.

निरगुड्यांनी शब्द पाळला. तीन मिनिटांत आदेश आला आणि पुढच्या मिनिटाला सोनढवातल्या प्रत्येक फोनवर भोंगा वाजू लागला. अकराशे माणसं, दीड किलोमीटर खाली. सरपंच कांताबाई आघाव स्वतः रिक्षात बसून गल्लीगल्लीतून ओरडत फिरल्या. बाया-पोरं, म्हातारी माणसं शाळेच्या टेकडीवर चढू लागली.

पोकलेन सांडव्यावर पोहोचला तेव्हा साडेअकरा झाले होते. पण काँक्रीटच्या वाढीवर पंचवीस-तीस माणसं उभी होती. मधोमध मांडी घालून बसले होते कांताबाईंचे सासरे, पंच्याहत्तर वर्षांचे रंगनाथ आघाव.

"दोन वर्सांनी तळं भरलंय," रंगनाथ म्हणाले. "फोडायचं तर आधी मला फोडा. खालची समदी पिकं वाहून जातील, वर प्यायला पानी राहनार नाय. आन् कशापायी? त्या पेटीनं सांगितलं म्हनून?"

"काका, धरण फुटलं तर गावच राहणार नाही," ऊर्मिला म्हणाली.

"मागं बी एका गावाला असंच पळवलं व्हतं. काय झालं? धरन हाय तिथंच हाय. मानसं मेली."

पाठीमागून लोकांनी दुजोरा दिला. पोकलेनवाल्यानं इंजिन बंद केलं. तेवढ्यात ऊर्मिलाच्या फोनवर पायथ्याच्या कॅमेऱ्याचं चित्र आलं. एकशे ऐंशीची धार आता मनगटाएवढी झाली होती. आणि तिचा रंग चहासारखा होता.

 अडलेल्या माणसाला म्यूऑन कसे समजावणार?

सोपानरावांनी तिच्या फोनवर नजर टाकली, ते गर्दीतून पुढं गेले आणि रंगनाथच्या समोर ओल्या काँक्रीटवर बसले.

"रंगा, पेटीनं नाय सांगितलं. मी सांगितलं."

रंगनाथच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थांबला.

"एकोनीस सालचा चर मी सरकारात लिवून दिला. माझ्या नावावर. आता तिथनं लाल पानी यायलंय." मग ते मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयका रं. हे धरन मी कापलंय. चौकीदार असून कापलं. शिव्या द्यायच्या तर माझ्या पोरीला नका देऊ, मला द्या. पर टेकडीवर जाऊन द्या."

कोणी हललं नाही. पाऊस काँक्रीटवर वाजत होता.

"एकट्यानं?" मागून एका तरुणानं विचारलं. "एकट्यानं कापलं व्हय एवढं धरन?"

सोपानराव गप्प राहिले. रंगनाथ त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही तळहात जमिनीला टेकवले आणि कण्हत उठले.

"एकट्यानं कसं कापंल," ते म्हणाले. "चौथ्या दिशी वरची माती मीच लोटली. सरका समदे. यंत्राला जागा द्या."

पाच मिनिटांत सांडवा मोकळा झाला.

ब्रेकरचे घाव सुरू झाले. काँक्रीट पाच महिन्यांचं होतं, ताजं आणि चिवट. ते तसं व्हावं म्हणून ऊर्मिलानं स्वतः उभं राहून प्रत्येक थरावर पाणी मारून घेतलं होतं. आता प्रत्येक तुकड्यासाठी ती मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या देत होती. सव्वा वाजता पहिली फट पडली. पावणेदोनला तीन मीटर रुंदीची. तीनपर्यंत वीस मीटरची भिंत पडली होती आणि तांबडं पाणी गर्जत ओढ्यात उतरत होतं. ओढ्याकाठची सोयाबीन, तूर, दोन शेडं तिच्या डोळ्यांदेखत आडवी झाली.

ती मोजपट्टीकडे बघत होती. चराचा तळ उघडा पडायला पाणी अर्धा मीटर उतरायला हवं होतं. दहा सेंटिमीटर. अठरा. वरून पावसाचं पाणी येतच होतं. सत्तावीस.

साडेतीनला एकशे ऐंशीचा माथा खचला.

आवाज फार मोठा नव्हता, पोतं पडावं तसा. माथ्यावरचा रस्ता विहिरीएवढा आत गेला. फोनवरच्या चित्रात खालची धार क्षणभर थांबली आणि मग मांडीएवढी होऊन फुटली. टेकडीवरून एकदम आरडाओरडा ऐकू आला. ऊर्मिला मोजपट्टीजवळून हलली नाही. तिथं उभं राहून करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी हलली नाही. सोपानराव तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्ही टेकडीवर जा," ती म्हणाली.

"तू चल, मग जातो."

एकतीस. छत्तीस. खड्ड्याची कड पुन्हा ढासळली. चव्वेचाळीस.

चार वाजून दहा मिनिटांनी मोजपट्टीवर पन्नास भरले. मांडीएवढी धार मनगटाएवढी झाली, मग बोटाएवढी, मग नुसती ओल राहिली. ऊर्मिला तिथंच चिखलात बसली. सोपानरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

नंतरच्या गोष्टी सावकाश घडल्या. माणूस एकही दगावला नाही. ओढ्याकाठची साठ एकर पिकं गेली आणि ती ज्यांची होती, त्यांतले काही लोक गर्जेंच्या घरावरून जाताना अजूनही तोंड फिरवतात. सोपानरावांवर गुन्हा नोंदला गेला. तारखेला ते एकटे गेले, पण कोर्टाच्या पायऱ्यांवर रंगनाथ आघाव आणि आणखी अकरा म्हातारे आधीच बसलेले होते. सोपानरावांना धरून एकविसांतले तेवढेच हयात होते.

ऊर्मिलानं चौकशीच्या अहवालात स्वतःचं नावही लिहिलं: जुन्या नकाशावर विसंबून, भराव न तपासता सांडवा वाढवला. संकल्पचित्रांच्या कामातून तिला काढलं. वडिलांशी ती महिनाभर कामापुरतंच बोलली. एका संध्याकाळी त्यांना औषध देताना ती म्हणाली, "त्या दिवशी ओसरीवर मी हसले नसते तर सांगितलं असतंत?"

"ठाव नाय," सोपानराव म्हणाले. "खरंच ठाव नाय."

त्या खऱ्या उत्तरानं तिला थोडं बरं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये निरगुड्यांनी तिला बोलावलं. राज्यात अशी जुनी मातीची धरणं हजारोंनी होती, पेट्या थोड्या होत्या आणि म्यूऑन नेहमीच्याच वेगानं येत होते. "कुठं बघायचं हे आधी कळलं, तर चार दिवसांचं काम सहा मिनिटांत होतं," ते म्हणाले. "हे तुम्हीच दाखवलंत. पेट्यांच्या आधी तुम्ही जा. माणसांशी बोला."

पहिलं धरण घाटाच्या पलीकडे होतं. तिथले निवृत्त चौकीदार धोंडिबा केकाण अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ऊर्मिला त्यांच्यासमोर बसली. तिनं ना नकाशा काढला, ना संगणक.

"सगळं ठीक हाय आमच्या धरनाचं," धोंडिबांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "कधी काय झालं नाय."

"माझे वडील पण चौकीदार होते," ती म्हणाली. "त्यांनी धरण कापलं होतं. गावाला प्यायला पाणी नव्हतं म्हणून. आणि मी त्या कापलेल्या जागेवर पाणी चढवलं."

धोंडिबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. सून चहा घेऊन आली, कप ठेवून आत गेली. त्यांनी कपाला हात लावला नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दूरच्या भरावाकडे.

मग त्यांनी सूप बाजूला सारलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि पायांत चपला सरकवल्या.

"चला," ते म्हणाले. "चालत जावं लागंल. जागा बघितल्याबिगर सांगता येनार नाय."